भार पडताच दम सोडणारे मशीन : दोष कोठे आणि कसा शोधावा?

जुलै महिन्याचा दुसरा रविवार अखिल ख्रिस्तसभेत 'सागर रविवार' म्हणून पाळला जातो. दर्यावर्दी बांधवांच्या सेवेसाठी १९२० साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे कॅथलिक प्रेषितकार्याचा आरंभ झाला. आज ते कार्य 'स्टेला मारिस' या नावाने ओळखले जाते. त्याच परंपरेतून या रविवारी खलाशी, मच्छीमार आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी विशेष प्रार्थना केली जाते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हा रविवार १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळातच येतो. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी तुणली जात असतात आणि मशिनेही उघडली जातात. म्हणून या निमित्ताने प्रार्थनेच्या जोडीला एका व्यावहारिक विषयाची चर्चा करावी, असे आम्हांस वाटले.

हा विषय आम्हांस सुचवला तो एका तांडेलाने. त्यांच्या फायबरच्या होडीला मागे टांगलेले दोन सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे आउटबोर्ड मशीन आहे. धक्क्यावर ते पहिल्या दोरीला सुरू होई, संथ गतीत घड्याळासारखे चाले. मात्र होडी खाडीच्या मुखाशी पोचली आणि पूर्ण रेस दिली, की दोन-तीन मिनिटांत मशीन दम सोडू लागे. रेस कमी केली की पुन्हा शहाण्यासारखे वागे. त्यांनी प्लग बदलले, मग कॉइल बदलली, अखेरीस कार्ब्युरेटरही नवा घातला. बराच पैसा गेला, दोष मात्र तेथेच राहिला. एका सायंकाळी ओहोटीचा जोर, समोरून वारा आणि दोन्ही बाजूंस वाळूचे दांडे अशा स्थितीत मशीन मंदावले आणि होडी आडवी झाली. नांगर वेळेवर धरला म्हणून तिघे सुखरूप परतले. "फादर, मशीन बंद पडले असते तर एक वेळ समजले असते. ते चालू असूनही ओढत नव्हते, याचीच भीती वाटली," असे ते आम्हांस म्हणाले.

त्यांच्या मशिनात काय बिघडले होते, ते आम्ही शेवटी सांगूच. परंतु त्याआधी असा दोष शोधण्याची पद्धत समजून घेणे अधिक मोलाचे आहे.

धक्क्यावर दोष का दिसत नाही?

पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचा एक नियम आहे. पंख्याचे फेरे दुप्पट करावयाचे असतील, तर त्यासाठी लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, तर साधारण आठपट होते. उलट बाजूने पाहिले तर निम्म्या फेऱ्यांवर पंख्याला पूर्ण शक्तीच्या सुमारे एक अष्टमांशच शक्ती लागते. म्हणजे १० हॉर्सपॉवरचे मशीन मिनिटाला ५००० फेऱ्यांवर आपली पूर्ण शक्ती देत असेल, तर २५०० फेऱ्यांवर त्याच्याकडून जेमतेम सव्वा हॉर्सपॉवरची अपेक्षा असते. एवढे काम तर अर्धे आजारी मशीनही करू शकते. दोनपैकी एक सिलिंडर नीट पेटत नसेल, पेट्रोलची वाट अर्धी तुंबलेली असेल, तरी निम्म्या रेसवर होडी सुखाने चालते आणि नाखव्याला वाटते की सारे ठीक आहे.

पेट्रोलचेही तसेच. १० हॉर्सपॉवरच्या मशिनाला पूर्ण रेसवर तासाला साधारण ४ लिटर पेट्रोल लागते, जुन्या टू-स्ट्रोक मशिनाला त्याहूनही अधिक. संथ गतीत त्याचा अल्पसा अंशच पुरतो. शिवाय कार्ब्युरेटरमध्ये संथ गतीसाठी एक बारीक वाट आणि पूर्ण रेससाठी मोठ्या जेटची दुसरी वाट अशा दोन निरनिराळ्या वाटा असतात. पहिली स्वच्छ आणि दुसरी तुंबलेली, असे सहज घडू शकते.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अंगणात पाण्याच्या पिंपात मशीन चालवून "आता बरे झाले" असा निर्वाळा देणे व्यर्थ आहे. पिंपातील पाणी घुसळून फेसाळते आणि पंख्यावर खरा भार येतच नाही. खरी परीक्षा पाण्यावर, नेहमीचे वजन होडीत ठेवूनच करावी लागते. ती शांत पाण्यात, दिवसाउजेडी, दोघांनी मिळून करावी. एकाने सुकाणू सांभाळावे, दुसऱ्याने निरीक्षण करावे. दोघांच्याही अंगात लाईफ जॅकेट असावे, आणि मशीन बंद करणारी सुरक्षा-दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असावी.

तीन प्रश्न

हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. त्यांना एक रुपयाही खर्च येत नाही.

पहिला प्रश्न : होडी मंदावते तेव्हा मशिनाचे फेरे वाढतात की घटतात? फेरे मोजण्याचे मीटर असल्यास उत्तमच, नसल्यास कानही पुरेसा आहे. आवाज चढा होतो आणि तरीही होडी पुढे सरकत नाही, तर मशीन शक्ती देत आहे, पण ती पाण्यापर्यंत पोचत नाही. आवाज दबतो, जड होतो, तर एक तर मशीन शक्ती देत नाही किंवा त्याच्यावर झेपेल त्याहून अधिक भार आहे.

दुसरा प्रश्न : दम किती वेळाने सुटतो? रेस देताक्षणी सुटत असेल, तर तुंबलेले जेट, न पेटणारा सिलिंडर किंवा जादा भार यांचा विचार करावा. दोन-तीन मिनिटे नीट चालून मग सुटत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा असण्याचा संभव मोठा, कारण कार्ब्युरेटरच्या वाटीत साठलेले पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालते आणि मग उपाशी राहते. मशीन चांगले तापल्यावरच दोष दिसत असेल, तर थंडाव्याचे पाणी आणि गरम झाल्यावर कच खाणारी कॉइल यांच्याकडे लक्ष द्यावे.

तिसरा प्रश्न : दम सुटत असतानाच पेट्रोलच्या नळीवरील रबरी फुगा हाताने दाबला, तर मशीन सावरते का? सावरत असेल, तर दोष पेट्रोलच्या वाटेवर आहे, ठिणगीत नाही, हे जवळजवळ निश्चित झाले.

फेरे वाढतात, पण होडी चालत नाही

पंख्याच्या मध्यभागी रबराची एक बुश असते. पंखा दगडावर किंवा लाकडावर आपटला तर गिअर तुटू नयेत, म्हणून ती थोडी घसरावी अशी योजना असते. जुनी झाली की ती भार पडताच घसरू लागते. संथ गतीत पकड टिकते, पूर्ण रेसवर सुटते. याची परीक्षा सोपी आहे. मशीन बंद करून, सुरक्षा-दोरी काढून, पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागांवरून जाणारी एक सरळ रेघ रंगाने ओढावी. पूर्ण रेसवर एक फेरी मारून यावे. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर बुश गेली असे समजावे.

दुसरे कारण म्हणजे पंखा पाण्याऐवजी हवा कापत असणे. मशीन होडीच्या मागील फळीवर फार उंच बसवलेले असेल किंवा फार वर कललेले असेल, तर पृष्ठभागावरील हवा पंख्यात ओढली जाते. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती साधारणपणे होडीच्या तळाच्या पातळीवर किंवा त्याखाली दोन-अडीच सेंटिमीटर असावी. सारे वजन नाळेकडे सरकले असेल, तरीही मागची बाजू उचलली जाऊन हाच प्रकार घडतो.

फेरे घटतात : प्रथम भार पाहावा

मशिनाला दोष देण्याआधी होडीकडे पाहावे. पंख्याच्या दांड्यावर जाळ्याचा तंगूस किंवा दोरी गुंडाळली गेली आहे काय? तळाला शेवाळ आणि कालवे चिकटली आहेत काय? त्यांच्यामुळे होडीचा पाण्याशी होणारा घर्षणरोध कितीतरी वाढतो. फायबरच्या दोन थरांमध्ये किंवा फळ्यांखाली पाणी साचून राहिले आहे काय? एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे एक टन भरते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

पंखा अलीकडेच बदलला असेल, तर त्याची 'पिच' तपासावी. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः जितका पुढे सरकावा ते अंतर. ते इंचांत मोजले जाते. एक इंच पिच वाढवल्यास पूर्ण रेसवरील फेरे साधारणपणे १५० ते २०० ने घटतात. वेगाच्या मोहाने मोठ्या पिचचा पंखा बसवणे म्हणजे सायकलस्वाराने चढावर जड गिअर धरण्यासारखे आहे. पूर्ण रेसवर मशिनाचे फेरे हस्तपुस्तकात दिलेल्या मर्यादेत आले पाहिजेत, ही पंखा निवडण्याची खरी कसोटी होय.

आणखी एक साधी गोष्ट अनेकांच्या नजरेतून निसटते. मशीन बंद असताना रेसची मूठ पूर्ण फिरवावी आणि कार्ब्युरेटरची झडप खरोखरच पूर्ण उघडते का, ते डोळ्यांनी पाहावे. केबल ताणली गेल्याने ती तीन-चतुर्थांशच उघडत असेल, तर मशीन निर्दोष असूनही पूर्ण शक्ती देणार नाही. चोकची झडप अर्धवट मिटलेली राहिली नाही ना, तेही तेव्हाच पाहावे.

पेट्रोलची वाट

भाराखाली दम सुटण्याच्या तक्रारींमध्ये पेट्रोलच्या पुरवठ्याचा वाटा मोठा असतो. तपासणी टाकीपासून सुरू करून मशिनाकडे यावी.

टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. तो मिटलेला राहिला तर पेट्रोल कमी होईल तसतशी टाकीत निर्वात पोकळी निर्माण होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. झाकण सैल करताच फुस्स असा आवाज आला आणि मशीन सावरले, तर दोष सापडला.

पुढे रबरी फुगा. त्यावरील बाण मशिनाच्या दिशेने असावा. मशीन दम सोडत असताना फुगा चपटा होऊन आत ओढला जात असेल, तर अडथळा फुग्याच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूस आहे. हवेचा स्क्रू, टाकीतील जाळी किंवा मागची नळी, यांपैकी काहीतरी तुंबले आहे. फुगा चपटा होत नाही, परंतु दाबल्यावर मशीन सावरते, तर मशिनावरील पेट्रोल पंपाचा पातळ पडदा फाटला असावा किंवा एखाद्या सांध्यातून हवा शिरत असावी.

येथे सर्वांत उपयुक्त परीक्षा म्हणजे उसन्या टाकीची. शेजारच्या होडीची, नीट चालणारी टाकी तिच्या नळी-फुग्यासह आपल्या मशिनाला जोडावी. नळीचे जोड जुळतात याची आधी खात्री करावी, टू-स्ट्रोक मशिनासाठी त्या टाकीत योग्य प्रमाणात तेल मिसळलेले आहे हेही विचारून घ्यावे. आता मशीन पूर्ण रेसवर नीट चालले, तर दोष आपल्या टाकीत किंवा नळीत. नाही चालले, तर तो मशिनात. एकाच फेरीत अर्धा प्रश्न सुटतो.

इंधनाच्या दर्जाकडेही आज अधिक लक्ष द्यावे लागते. भारतात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये आणि २० टक्क्यांचे २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते. किनाऱ्यावरील दमट हवेत अर्धी रिकामी टाकी दोन महिने पडून राहिली, तर पेट्रोलमध्ये पाणी शिरते आणि प्रमाणाबाहेर गेल्यास पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. नळीचे टोक तर तळाशीच असते. जुन्या रबरी नळ्यांनाही इथेनॉल मानवत नाही. म्हणून बंदीपूर्वीचे शिल्लक पेट्रोल ऑगस्टमध्ये वापरू नये. काचेच्या बाटलीत थोडे काढून दहा मिनिटे स्थिर ठेवावे, तळाशी वेगळा थर दिसतो का ते पाहावे. दोन महिने पडून राहिलेले पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट राळेसारखे थर धरते आणि मोठे जेट त्यानेच तुंबते. जेट साफ करताना तार घालू नये, भोक मोठे होते. कार्ब्युरेटर साफ करण्याचे द्रावण आणि हवेचा दाब पुरेसा आहे. बंदीपूर्वी वाटी रिकामी केली, तर ही वेळच येत नाही.

केरोसीनवर चालणारी मशिनेही काही किनाऱ्यांवर आहेत. ती पेट्रोलवर सुरू करून, तापल्यावरच केरोसीनवर घ्यावयाची असतात. घाई केल्यास प्लग काजळून भाराखाली मशीन मिस मारू लागते.

एक गंभीर इशारा येथे दिलाच पाहिजे. ज्या टू-स्ट्रोक मशिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, ते पेट्रोलला उपाशी राहिले म्हणजे तेलालाही उपाशी राहिले. ५० ला १ या प्रमाणात एका लिटरला २० मिलिलिटर तेल घातलेले असते आणि पिस्टनचे वंगण तेवढेच. फुगा दाबत दाबत पूर्ण रेसवर घर गाठण्याचा हट्ट धरला, तर कमी पेट्रोलने सिलिंडर अधिक तापतो, वंगण घटते आणि पिस्टन जाम होतो. शंभर-दोनशे रुपयांचा दोष मग हजारोंच्या घरात जातो. फुगा दाबणे ही परीक्षा आहे, प्रवासाची पद्धत नव्हे.

ठिणगी

उघड्या हवेत प्लगला निळी ठिणगी दिसली म्हणून ती भाराखालीही पडेल, असे नाही. पूर्ण रेसवर सिलिंडरमधील दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते. कमजोर कॉइल, तडा गेलेला प्लग किंवा खारट ओल धरलेली वायर नेमकी तेव्हाच कच खाते.

दोन्ही प्लग काय सांगतात ते पाहावे. शांत, मोकळ्या पाण्यात थोडा वेळ पूर्ण रेसवर चालवून, मागून मोठी लाट येत नाही याची खात्री करून, मशीन त्याच स्थितीत एकदम बंद करावे आणि ते जरा निवल्यावर प्लग काढावेत. दोन्ही फिकट तपकिरी असतील तर उत्तम. एक तपकिरी आणि दुसरा काळा-ओला असेल, तर ओला सिलिंडर पेटत नाही. पांढरे पडलेले असतील, तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा मशीन अति तापते आहे. एखादा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत असण्याची शंका घ्यावी. प्लगची वायर चालू मशिनावर तशीच उघडी काढून ठेवू नये. हाताला झटका बसतो आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही जळू शकते.

तापमान आणि कॉम्प्रेशन

मशिनाच्या मागून पाण्याची जी बारीक धार पडते, ती थंडाव्याचे पाणी फिरत असल्याची खूण होय. धार क्षीण किंवा गरम वाफाळलेली असेल, तर पाणी ओढण्याच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी अडकली आहे काय ते प्रथम पाहावे. आपल्या खाड्यांत हा प्रकार नित्याचा झाला आहे. त्यानंतर पाणपंपातील रबरी इम्पेलरची पाती आणि मीठ-वाळूने बुजलेल्या वाटा तपासाव्यात. काही नवी मशिने अति तापताच स्वतःला वाचवण्यासाठी फेरे आपोआप घटवतात. ती दोषाची नव्हे, तर संरक्षणाची कृती असते. अशा वेळी भोंगा वाजत असल्यास त्याचे ऐकावे, वायर काढून तो गप्प करू नये.

वरचे झाकण लावल्यावरच दम सुटतो आणि काढल्यावर सुधारतो, असे आढळल्यास धूर आतल्या आत गळत असून मशीन तोच धूर ओढत असावे. मात्र झाकण काढून चालवताना फिरत्या चाकापासून हात, केस आणि सैल कपडे दूर ठेवावेत.

एवढे सारे पाहूनही दोष न सापडल्यास कॉम्प्रेशन मोजावे. दोन्ही प्लग काढून, त्यांच्या वायरी धातूला जोडून, रेस पूर्ण उघडी ठेवून दोरी चार-पाच वेळा ओढावी आणि गेजवरील आकडा पाहावा. निव्वळ आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधील फरक महत्त्वाचा. तो १० ते १५ टक्क्यांहून अधिक असेल, तर रिंगा, सिलिंडर किंवा गॅस्केट यांच्यापैकी काहीतरी झिजले आहे. येथून पुढचे काम जाणत्या कारागिराचेच.

एका वेळी एकच बदल

आम्ही हा क्रम मुद्दाम असा मांडला आहे. आधी फुकटच्या तपासण्या, मग स्वस्त आणि शेवटी महाग. आधी बाहेरचे, मग आतले. आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा पाण्यावर परीक्षा. तीन भाग एकाच दिवशी बदलले आणि मशीन सुधारले, तर तीनांपैकी कोणता दोषी होता हे कळत नाही. सुधारले नाही, तर गोंधळ तिप्पट होतो. घरातील शाळकरी मुलाला एक वही द्यावी आणि तारीख, काय पाहिले, काय बदलले, फेरे किती आले, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. मेकॅनिककडे जाताना ती वही सोबत न्यावी. ज्याला तीन प्रश्नांची उत्तरे तयार मिळतात, तो कारागीर अंदाजाने भाग बदलत बसत नाही.

समुद्रातच दम सुटला तर मात्र दुरुस्तीचा मोह आवरावा. रेस निम्म्यावर आणावी. वर सांगितलेल्या नियमामुळे त्या गतीत आजारी मशीनही बहुधा चालत राहते. होडीची नाळ लाटेकडे ठेवावी, पाणी उथळ असल्यास नांगर धरण्याची तयारी ठेवावी, आणि मुखाशी ओहोटी व वारा समोरासमोर असतील तर आत शिरण्याची घाई न करता भरतीची वाट पाहावी. सोबतच्या होडीला त्वरित कळवावे. संकट मोठे असल्यास भारतीय तटरक्षक दलाचा शोध व बचाव क्रमांक १५५४ हा आहे. तो होडीत रंगाने लिहून ठेवावा.

आता त्या तांडेलांविषयी. त्यांना आम्ही तीन प्रश्न विचारले. फेरे घटत होते. दम दोन-तीन मिनिटांनी सुटत होता. फुग्याकडे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर दम सुटताना फुगा चपटा होत होता. हवेचा स्क्रू उघडा होता. भावाच्या होडीची टाकी नळीसह जोडताच मशीन पूर्ण रेसवर पंधरा मिनिटे अखंड चालले. मग त्याच टाकीला आपली जुनी नळी जोडली, आणि मशिनाने पुन्हा दम सोडला. नळी उभी चिरून पाहिली तेव्हा आतला पातळ थर सुटून लोंबत असलेला आढळला. बाहेरून नळी अगदी धडधाकट दिसत होती. पेट्रोल हळू ओढले तर तो थर बाजूला राही, जोराने ओढले की वाट बंद करी. कॉइल आणि कार्ब्युरेटर निर्दोष होते. दोष काही हातभर नळीचा होता.

त्या कारागिराला आम्ही दोष देत नाही. त्यानेही मशीन पिंपातच चालवून पाहिले होते आणि तेथे ते खरोखरच नीट चालत होते. आपणां सर्वांकडून हीच चूक होते. जेथे भार नाही तेथे परीक्षा घेतो आणि समाधान मानतो. संत लूकच्या शुभवर्तमानात सिमोन पेत्राची जाळी माशांच्या भाराने फाटू लागली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या होडीतील सोबत्यांना खुणावून बोलावले. भार आला तेव्हा सोबती हाकेच्या अंतरावर होते, ही त्यातील मच्छीमाराने ध्यानी ठेवण्याजोगी गोष्ट आहे. आपल्या कोळीवाड्यांतही या जुलै महिन्यात दोन-दोन होड्यांनी मिळून एकमेकांची टाकी, नळी आणि पंखा तपासून घ्यावा, अशी आम्ही आग्रहाची विनंती करतो. होड्यांना आशीर्वाद देण्यासाठी धर्मगुरू येतील तेव्हा जाळी आणि नांगर यांच्यासोबत ती वहीही होडीत असू द्या.

सागराची तारका पवित्र मरिया आपल्या सर्व नाखवा, तांडेल आणि खलाशी बांधवांना सुखरूप घरी आणो.